अंड्याचं सॅलड: आधी उकडणं जमव

अगं, डब्यासाठीचं हे कमी कर्बोदकांचं सॅलड मसाल्यात नाही, उकडण्यात बिघडतं. अंडी गार पाण्यात ठेव, उकळी फुटली की मंद आचेवर 10 मिनिटं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. जास्त उकडलीस तर बलकातलं लोह आणि पांढऱ्या भागातलं गंधक मिळून हिरवट कडा येते. खायला काही हरकत नाही, पण डबा उघडताच वास येतो. अगदी ताजी अंडी सोलताना टवके निघतात. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहिलेली घे.

अंड्यात कर्बोदकं जेमतेम अर्धा ग्रॅम. ती शिरतात मेयोनीजमधून! बिनअंड्याच्या बाटलीवरचं लेबल वाच, बहुतेकांत साखर आणि स्टार्च असतो. मी चक्का घालते, श्रीखंडाला बांधतो तोच. 3 अंड्यांना 2 मोठे चमचे, वर मोहरीची पूड, मिरी, थोडा कांदा, कोथिंबीर. काकडी मीठ लावून पिळूनच घाल, नाहीतर दुपारपर्यंत पाणी सुटतं. बटाटा नकोच.

मुंबईच्या दमट हवेत हा डबा दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नकोस. विरारहून चर्चगेट गाठायचं असेल, तर सोबत बर्फाची पिशवी ठेव आणि ऑफिसात पोचलीस की थेट फ्रीजमध्ये.