परमेश्वरावर भाव, विश्वास की भरवसा?

प्रश्न असा आहे. वसईच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यात पावसाळी बंदी उठली की होड्या पाण्यात लोटण्याआधी प्रार्थना होते. त्या दिवसाच्या पत्रिकेवर बायबलमधले नीतिसूत्रे ३:५ हे वचन छापायचे आहे : "तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव, आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस." पण 'भाव' म्हटले की तरुण मुलांना पापलेटचा भाव आठवतो. मग तिथे काय लिहावे? विश्वास, श्रद्धा की भरवसा?

वचन छापताना 'भाव' बदलू नका. खाली स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहाल, तिथे मात्र 'भरवसा' घ्या. हे चार शब्द एकमेकांच्या जागी सहज बसत नाहीत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

'भाव' म्हणजे मनाचा कल, मनाची ठेवण. 'देव भावाचा भुकेला', 'भाव तसा देव' या म्हणींत तोच अर्थ आहे; बाजारातला भाव ही त्याच शब्दाची दुसरी वाट. आणि हा शब्द या किनाऱ्याला परका नाही. दक्षिणेकडे, कोकणीत प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती लोकांत देवावरच्या विश्वासाला 'भावार्थ' म्हणतात आणि विश्वास धरणाऱ्याला 'भावार्थी'. मराठीत भावार्थ म्हणजे मथितार्थ, त्यामुळे मालवण-सावंतवाडीकडची पाहुणी मंडळी 'भावार्थ' म्हणाली तर वसईकराचा घोटाळा होऊ शकतो.

'विश्वास' संस्कृत 'श्वस्' धातूवरून आला आहे. श्वस् म्हणजे श्वास घेणे. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो, धास्ती वाटत नाही, त्याच्यावर आपला विश्वास. शब्द फार सुंदर आहे, पण रोजच्या वापरात त्याचे दोन अर्थ झाले. 'माझा भुताखेतांवर विश्वास नाही' म्हणजे ती आहेत असे मी मानत नाही. 'माझा तांडेलावर विश्वास आहे' याचा अर्थ मात्र तांडेल (होडीचा प्रमुख) अस्तित्वात आहे असा कोणी घेत नाही. 'देवावर विश्वास आहे' या वाक्यात दोन्ही अर्थ शिरतात आणि बहुतेक वेळा पहिलाच पुढे येतो. याकोबाच्या पत्राने (२:१९) नेमके यावर बोट ठेवले आहे : देव एक आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात. नुसते मानणे वादळात उपयोगाचे नाही. ख्रिस्ती मराठीत 'विश्वासणारा' आणि 'विश्वासू' यांचीही गल्लत होते. विश्वासणारा म्हणजे विश्वास ठेवणारा. विश्वासू म्हणजे ज्याच्यावर विश्वास ठेवावा असा.

'श्रद्धा' कॅथलिक उपासनेत जास्त कानावर पडतो. प्रार्थना 'श्रद्धावंतांची' असते. 'श्रत्' आणि 'धा' यांपासून तो बनला, आणि लॅटिन श्रद्धासूत्र ज्या 'क्रेडो' शब्दाने सुरू होते तो त्याचा दूरचा भाऊ. पण श्रद्धेला आदराची, पूज्यतेची छटा आहे. दोरावर कोणी श्रद्धा ठेवत नाही. दोरावर भरवसा ठेवतात.

भरवसा म्हणजे आपला भार एखाद्यावर टाकायची तयारी. मूळ हिब्रू वचनात क्रियापद आहे 'बाताख', आणि त्याच धातूचे 'बेताख' म्हणजे निर्धास्त, सुखरूप. (विश्वासाचा दुसरा हिब्रू धातू 'आमान', म्हणजे घट्ट असणे, आपले 'आमेन' त्यातूनच आले.) वचनाच्या दुसऱ्या अर्ध्यातले क्रियापद तर सरळ 'टेकणे' या अर्थाचे आहे : आपल्या बुद्धीला टेकून राहू नकोस. मराठी 'अवलंबून' या शब्दाच्या मुळाशी लोंबणे आहे, पण टेकणे काय आणि लोंबणे काय, आधार दुसऱ्याचाच. इब्री लोकांस पत्रातही (११:१) विश्वासाची ओळख करून देताना 'आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा' असेच शब्द आहेत.

एक धोका मात्र सांभाळा. 'होडी देवाच्या भरवशावर सोडली' म्हणजे कोणी लक्षच दिले नाही, रामभरोसे कारभार. 'देवावर भरवसा ठेवून होडी लोटली' म्हणजे इंजिन पाहिले, डिझेल-बर्फ भरला, हवामानाचा इशारा ऐकला आणि मग निघालो. 'भरवशावर सोडणे' यात जबाबदारी झटकलेली असते, 'भरवसा ठेवून' याच्यापुढे काही तरी करण्याचे क्रियापद यावेच लागते. पत्रिकेत दुसरी रचना वापरा.

हा फरक प्रेषितांच्या कृत्यांच्या २७ व्या अध्यायात फार जवळून दिसतो. चौदावी रात्र, जहाज भरकटलेले. खलाशी बुडीद (पाण्याची खोली मोजायचा वजन बांधलेला दोर) टाकतात तर २० वाव पाणी, थोडे पुढे १५ वाव. (दोन्ही हात पसरले की एक वाव, साधारण ६ फूट. हा शब्द कोळ्यांना समजावावा लागत नाही.) पाणी उथळ होत चालले, म्हणजे खडकावर आदळण्याची भीती, म्हणून वरामाकडून (जहाजाच्या मागच्या बाजूने) चार नांगर टाकून ते उजाडण्याची वाट पाहतात. शिपायांच्या पहाऱ्यात कैदी म्हणून निघालेला प्रेषित पौल आधीच सांगून चुकला आहे की देवाने सांगितले तसेच घडेल, कोणाचा जीव जाणार नाही. तरीही खलाशी नांगर टाकण्याच्या मिषाने लहान होडीतून पळू लागतात तेव्हा तोच शिपायांना सावध करतो, लोकांना जेवायला लावतो, आणि जेवण झाल्यावर जहाज हलके करायला गहू समुद्रात टाकला जातो. शेवटी जहाज फुटते, पण २७६ च्या २७६ माणसे किनाऱ्याला लागतात. जहाज वाचेल असे वचन नव्हतेच. भरवसा माणसांबद्दलच्या शब्दावर होता.

पत्रिकेला चित्र हवे असेल तर नांगर घ्या. घाटावर नांगर म्हणजे शेत नांगरायचा, पण आपल्याकडे खुलासा नको. इब्री ६:१९ मध्ये आशेला 'जिवाचा नांगर' म्हटले आहे. नांगर लाट थांबवत नाही, वाराही थांबवत नाही. होडी हलतच राहते, फक्त वाहून जात नाही. तो धरतो तेव्हा डोळ्यांआड, तळाच्या चिखलात असतो. दोर आखूड सोडला तर खेच वरच्या बाजूला बसते आणि फाळ उचकटतो. म्हणून १० वाव पाण्यात ५० वाव तरी दोर सोडावा लागतो. पुढे भाषण करणाऱ्याला यातले हवे ते घेता येईल.

पेत्राच्या पहिल्या पत्रात (५:७) सगळी चिंता देवावर 'टाका' असे आहे. मराठीत नांगरही टाकतात आणि भारही टाकतात, तेव्हा तेच क्रियापद राहू द्या. 'सोडा' लिहिलेत तर पुन्हा रामभरोसेचा वास येतो. पुढच्या हंगामाचे बेत लिहिणार असाल तर याकोब ४:१५ मधले 'प्रभूची इच्छा असेल तर' वाक्याच्या सुरुवातीला घ्या. शेवटी घातले की ते पळवाटेसारखे वाचले जाते.

शुद्धलेखनाचे दोनच मुद्दे. 'भरवसा'चे सामान्यरूप 'भरवशा', म्हणून 'भरवशावर', 'भरवश्यावर' नको. आणि 'जीव'मधली दीर्घ वेलांटी प्रत्यय लागताना ऱ्हस्व होते, म्हणून 'जिवाचा नांगर'. बॅनर छापणारे तिथे हमखास 'जीवाचा' करतात, तेव्हा छपाईआधीचा नमुना मागवून तेवढे बघून घ्या.