वाचकांचे प्रश्न : कृष्णधवल भयपटांतील अभिनेत्री

गेल्या अंकात हॉलिवूडच्या जुन्या भयपटांवर लेख प्रसिद्ध झाला होता. त्यात बेला लुगोसी आणि बोरिस कार्लॉफ यांच्या भूमिकांची सविस्तर चर्चा होती, पण अभिनेत्रींचा उल्लेख ओझरताच आला, अशी तक्रार करणारी बरीच पत्रे आली आहेत. ती तक्रार रास्त असल्यामुळे या वेळचे सदर त्या पत्रांसाठीच ठेवले आहे.

प्रश्न : किंकाळी फोडणे आणि बेशुद्ध पडणे यापलीकडे या नायिकांना काम तरी काय असे? त्याला अभिनय म्हणावे का? (एक वाचक, सांगली)

पटकथालेखकांनी नायिकेच्या वाट्याला बहुतेक वेळा तेवढेच काम ठेवले होते, हे खरे आहे. पण तेवढे काम निभावून नेणे सोपे होते, हा समज बरोबर नाही. याचा पुरावा १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये आहे. हा चित्रपट स्वस्तातला नव्हता, त्यावर सहा लाख डॉलरहून अधिक खर्च झाला होता. तरीही त्यातला जहाजावरचा एक प्रसंग भयपटातल्या नायिकेचे काम नेमके काय असते ते दाखवतो. बेटावर पोहोचण्यापूर्वी कथेतला दिग्दर्शक नायिकेची चाचणी घेतो. कॅमेऱ्याचा दांडा फिरवता फिरवता तो तिला सांगत जातो, की हळूहळू वर पाहा, आणखी वर, आता तुला ते दिसले आहे, नजर काढून घेता येत नाही, ओरडायचे आहे पण घसा आवळला गेला आहे, डोळ्यांवर हात घे आणि ओरड. समोर काहीही नाही. तरी नायिका झालेल्या फे रे यांची नजर टप्प्याटप्प्याने वर चढते, ओठ विलग होतात, आवाज फुटत नाही, आणि अखेर जी किंकाळी येते ती ऐकून बाजूला उभे राहून पाहणारेही अस्वस्थ होतात.

प्रत्यक्ष चित्रीकरणातही तेच होते. पडद्यावर अजस्र वाटणारा काँग हा सुमारे दीड फूट उंचीचा बाहुला होता. फे रे यांच्यासमोर कधी त्याचा प्रचंड यांत्रिक पंजा असे, कधी मागून पडद्यावर पाडलेले चित्र असे, आणि पुष्कळदा तेही नसे. चित्रीकरण संपल्यावर त्यांनी एका बैठकीत किंकाळ्यांचे ध्वनिमुद्रण करून दिले. डोळ्यांसमोर नसलेल्या वस्तूची उंची, अंतर आणि वेग केवळ नजरेने प्रेक्षकाला पटवून द्यायचा, हा अभिनय नसेल तर अभिनय कशाला म्हणावे, हे मला तरी सांगता येणार नाही.

१९४० च्या दशकात हे काम प्रामुख्याने इव्हलिन अँकर्स यांच्याकडे आले. इंग्रज आईवडिलांच्या पोटी १९१८ मध्ये चिलीतील वालपराइसो येथे जन्मलेल्या अँकर्स यांनी युनिव्हर्सल कंपनीसाठी ‘द वूल्फ मॅन’ (१९४१), ‘द घोस्ट ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९४२), ‘सन ऑफ ड्रॅक्युला’ आणि ‘द मॅड गूल’ (दोन्ही १९४३) असे एकामागून एक चित्रपट केले आणि किंकाळ्यांची राणी ही पदवी मिळवली. ‘द वूल्फ मॅन’च्या सेटवर सोडलेल्या रासायनिक धुक्यात आपण बेशुद्ध पडलो आणि त्या धुक्याच्या थराखाली काही वेळ कोणाला दिसलोही नाही, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली. त्यांचे खरे सामर्थ्य पाहायचे असेल तर मात्र ‘वियर्ड वुमन’ (१९४४) पाहावा. त्यात त्या खलनायिका आहेत. मत्सराने पेटून दुसऱ्या स्त्रीचा संसार उधळू पाहणारी ग्रंथपाल त्यांनी रंगवली आहे, आणि शेवटी स्वतःच्याच अपराधाच्या ओझ्याखाली ती कशी कोसळते, हे पाहताना दर वर्षी त्यांना फक्त घाबरायलाच का लावले गेले, असा प्रश्न पडतो.

प्रश्न : हे चित्रपट इतक्या कमी खर्चात कसे होत, आणि त्याचा नायिकांच्या कामावर काय परिणाम होई? (एक वाचक, नाशिक)

त्या काळी अमेरिकेत एका तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत होती. त्यांपैकी दुय्यम चित्रपट चित्रपटगृहांना बहुधा ठरावीक भाड्याने मिळत असे, त्यामुळे तो कितीही चालला तरी निर्मात्याच्या हाती येणारी रक्कम आधीच ठरलेली असे. साहजिकच खर्च कमी करणे हाच नफ्याचा मार्ग उरे. मोनोग्राम, मॅजेस्टिक, पी.आर.सी. अशा छोट्या कंपन्या याच व्यवहारावर जगत आणि त्यांच्या वस्तीला ‘पॉव्हर्टी रो’ असे नाव पडले होते.

‘व्हाइट झॉम्बी’ (१९३२) हा चित्रपट सुमारे ५० हजार डॉलरमध्ये, अवघ्या ११ दिवसांत आणि बराचसा रात्रीच्या वेळी, युनिव्हर्सलचे जुने सेट भाड्याने घेऊन पुरा झाला. त्याची नायिका मॅज बेलामी या मूकपटांच्या काळातल्या तारका होत्या; १९२४ च्या ‘द आयर्न हॉर्स’मध्ये त्या नायिका होत्या. बोलपट आले आणि अशा अनेक तारकांना छोट्या कंपन्यांचे दार ठोठवावे लागले. बेलामी यांच्या या भूमिकेची त्या वेळी टीकाकारांनी हेटाळणी केली. मला ती पटत नाही. विषप्रयोगाने इच्छाशक्ती हरवलेली नववधू त्यांनी जवळजवळ शब्दांवाचून उभी केली आहे, आणि पियानोसमोर बसलेली असताना त्यांच्या उघड्या, पण काहीच न पाहणाऱ्या डोळ्यांत मूकपटाचे सारे शिक्षण कामाला आलेले दिसते.

‘द व्हँपायर बॅट’चेही तसेच. वॉर्नर ब्रदर्स ही मोठी कंपनी फे रे आणि लायनेल ॲटविल या जोडीचा मेणाच्या पुतळ्यांवरचा चित्रपट प्रदर्शित करण्याच्या तयारीत होती, तेवढ्यात मॅजेस्टिकने तीच जोडी घेऊन, युनिव्हर्सलच्याच सेटवर हा चित्रपट उरकला आणि जानेवारी १९३३ मध्ये आधी प्रदर्शितही केला. अशा घाईत पुन्हा पुन्हा चित्रीकरण करण्याची चैन परवडत नसे. पहिल्या किंवा दुसऱ्या प्रयत्नात जे उमटेल तेच पडद्यावर जाई, म्हणून तयारीच्या अभिनेत्री या कंपन्यांना हव्या असत.

प्रश्न : ‘कॅट पीपल’ या चित्रपटाची इतकी वाखाणणी का होते? त्यात तर प्राणी धड दिसतही नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

दिसत नाही म्हणूनच त्यातल्या अभिनेत्रींचे काम दिसते. आर.के.ओ. कंपनीने निर्माते व्हॅल ल्यूटन यांना अटी घालून दिल्या होत्या : प्रत्येक चित्रपटाचा खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी ७५ मिनिटांच्या आत, आणि नाव कंपनी सांगेल ते. त्या अटींत १९४२ मध्ये जाक तुर्नर यांनी ‘कॅट पीपल’ दिग्दर्शित केला. इरेना ही न्यूयॉर्कमध्ये राहणारी सर्बियन तरुणी आहे. प्रणयाच्या किंवा मत्सराच्या भरात आपण बिबळ्या होऊ, अशी भीती तिच्या मनात लहानपणापासून बसलेली आहे. फ्रेंच अभिनेत्री सिमोन सिमों यांनी ही इरेना मुळीच भयंकर केलेली नाही. ती लाघवी आहे, एकाकी आहे, आणि नवऱ्याला दारापलीकडे थांबवून स्वतः अलीकडे गुडघे टेकून बसते, तेव्हा तिची कणव येते.

पोहण्याच्या तलावाचा प्रसंग वारंवार पाहण्याजोगा आहे. इरेनाच्या नवऱ्याची सहकारी ॲलिस ही रात्री हॉटेलच्या तळघरातील तलावावर एकटी आलेली असते. जिन्यावर सावली हलते, गुरगुर ऐकू येते, आणि ती पाण्यात उडी घेते. मग ती तलावाच्या मधोमध जागच्या जागी पाणी मारत राहते, कारण कोणत्याही काठाजवळ जाणे धोक्याचे आहे. छतावर पाण्याची चमक नाचते आणि भिंतीवरून काळे काहीतरी सरकते. ती सावली तुर्नर यांनी स्वतःच्या मुठीने पाडली होती. जेन रँडॉल्फ यांनी या प्रसंगात मान सतत फिरती ठेवली आहे, आणि प्रेक्षकाची नजरही त्या मानेमागोमाग अंधारात शोध घेऊ लागते. दिवा लागतो तो इरेनाच्या हाताने. ती अत्यंत शांतपणे नवऱ्याची चौकशी करते. काठावर ठेवलेल्या झग्याच्या चिंध्या झालेल्या असतात.

याच चित्रपटात एलिझाबेथ रसेल जेमतेम काही क्षण दिसतात. लग्नाच्या मेजवानीत मांजरीसारख्या चेहऱ्याची एक अनोळखी स्त्री इरेनाजवळ येते आणि तिला सर्बियन भाषेत ‘माझी बहीण’ अशी हाक मारते. ते शब्दही सिमोन सिमों यांच्याच आवाजात भरले होते, म्हणजे रसेल यांच्याकडे फक्त चेहरा आणि चाल उरली होती. तरीही चित्रपट संपल्यावर ती स्त्री लक्षात राहते. त्याच वर्षी मोनोग्रामच्या ‘द कॉर्प्स व्हॅनिशेस’मध्ये त्या तारुण्यासाठी नववधूंचा बळी घेणारी उमरावीण झाल्या. १९४३ च्या ‘द सेव्हन्थ व्हिक्टिम’मध्ये क्षयाने मरणासन्न झालेल्या शेजारणीची दोनच प्रसंगांची भूमिका त्यांनी केली. ती शेजारीण मरणाची वाट पाहून कंटाळते, चांगले कपडे घालून अखेरचा एकदा बाहेर पडते, आणि तो चित्रपट तिच्या पावलांवर संपतो. त्यातल्या नायिका किम हंटर यांचा हा पहिला चित्रपट होता, पुढे त्यांना ऑस्कर मिळाले. रसेल यांना मात्र कोणी मोठी भूमिका दिली नाही.

थेरेसा हॅरिस यांचेही नाव येथे घ्यायलाच हवे. ‘कॅट पीपल’मध्ये त्या उपाहारगृहातील वाढपीण आहेत आणि ‘आय वॉक्ड विथ अ झॉम्बी’मध्ये घरातील दासी. कृष्णवर्णीय अभिनेत्रीला हॉलिवूड त्या काळी याहून वेगळे काम क्वचितच देई. पण ल्यूटन यांच्या चित्रपटांत त्यांच्या तोंडी विनोदी गोंधळ घातलेला नाही. त्या नेमके पाहतात आणि नेमके बोलतात, आणि ती संधी त्यांनी वाया घालवलेली नाही.

प्रश्न : १९५० नंतरच्या स्वस्त भयपटांत स्त्रियाच राक्षस होताना दिसतात. असे का झाले? (एक वाचक, ठाणे)

सगळीकडे झाले नाही, पण आपले निरीक्षण महत्त्वाचे आहे. ‘द वास्प वुमन’ (१९५९) या रॉजर कॉर्मन यांच्या चित्रपटात सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीची मालकीण संचालकांच्या बैठकीत विक्रीचा घसरता आलेख पाहते. अनेक वर्षे जाहिरातीत तिचाच चेहरा होता, आणि आता वय दिसू लागल्यावर गिऱ्हाईक फिरले आहे, हे एक सहकारी तिला तोंडावर सांगतो. सुझन कॅबट यांनी हे ऐकताना चष्म्याआडची नजर क्षणभरही खाली केलेली नाही. पुढे ती गांधीलमाशीच्या राणीपासून काढलेले द्रव्य टोचून घेते आणि तिची राक्षसीण होते. पण चित्रपटातला भीतीदायक प्रसंग मला त्या बैठकीचाच वाटतो. शेवटच्या झटापटीत द्रवाचा धूर मुखवट्यात शिरून श्वास कोंडला आणि मुखवटा ओरबाडून काढावा लागला, असे कॅबट यांनी पुढे सांगितले. हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. पुढच्याच वर्षीच्या ‘द लीच वुमन’मध्ये कोलीन ग्रे यांच्या वाट्यालाही वार्धक्याच्या भीतीचीच कथा आली. ज्या उद्योगात तिशी उलटलेल्या अभिनेत्रीला काम मिळणे कठीण होई, त्यानेच या कथा रचल्या होत्या.

‘अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन’ (१९५८) ची युक्तीदृश्ये कच्ची आहेत. दुहेरी छायाचित्रणात नायिकेच्या अंगातून मागची घरे दिसतात. ॲलिसन हेज यांनी मात्र भूमिका पूर्ण गांभीर्याने केली आहे. नवरा दुसरीकडे गुंतला आहे, आपण पाहिलेल्या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि सारे गाव आपल्याला वेडी समजते, हा संताप चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या भागात इतका खरा वाटतो, की ती अवाढव्य होते तेव्हा प्रेक्षक तिच्या बाजूचा झालेला असतो.

बेव्हर्ली गारलँड यांचा स्वभाव निराळा होता. ‘इट कॉन्कर्ड द वर्ल्ड’ (१९५६) साठी तयार केलेला शुक्रावरचा राक्षस इतका बुटका होता, की त्या त्याच्यापुढे उभ्या राहून हसल्या आणि कॉर्मन यांना तो उंच करून घ्यावा लागला. त्याच राक्षसाला गुहेत बंदूक घेऊन सामोरी जाणारी पत्नी त्यांनी तडफेने उभी केली. दुसऱ्याच वर्षी ‘डिकॉय’ या दूरचित्रवाणी मालिकेत त्या पोलीस अधिकारी झाल्या.

प्रश्न : हे चित्रपट पुढे दूरचित्रवाणीवर सतत दाखवले गेले. त्याचे पैसे या अभिनेत्रींना मिळाले का? (एक वाचक, बडोदे)

नाही. १९५७ च्या शरद ऋतूत युनिव्हर्सलच्या ५२ जुन्या चित्रपटांचा संच ‘शॉक’ या नावाने अमेरिकेतील दूरचित्रवाणी केंद्रांना देण्यात आला आणि अँकर्स यांच्यासारख्या अभिनेत्री एका नव्या पिढीच्या घराघरांत पोहोचल्या. १९६० मध्ये नटसंघाने रोनाल्ड रेगन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर संप केला. तडजोडीत १९६० पासूनच्या चित्रपटांना पुनःप्रक्षेपणाचा मोबदला मान्य झाला. त्याआधीच्या चित्रपटांचा हक्क मात्र सोडून द्यावा लागला आणि त्या बदल्यात निवृत्तिवेतन व आरोग्य योजनेसाठी साडेबावीस लाख डॉलरची एकरकमी तरतूद झाली. म्हणजे या सदरात आलेला जवळजवळ प्रत्येक चित्रपट त्या रेषेच्या मागे राहिला.

मायला नुर्मी यांची कथा याच कारणाने टोचते. १९५४ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसच्या दूरचित्रवाणीवर ‘व्हँपायरा’ हे पात्र स्वतः घडवले : काळा घट्ट पोशाख, आवळलेली कंबर, कमानदार भुवया. ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’मधील मूक भूमिकेसाठी त्यांना २०० डॉलर मिळाले. तो वेश पुढे असंख्य जणींनी उचलला आणि त्यांनी स्वतः मात्र फरशा बसवण्याचेही काम केले.

प्रश्न : यांपैकी काय आधी पाहावे? (एक वाचक, पणजी)

प्रथम ‘कॅट पीपल’, त्यानंतर ‘द सेव्हन्थ व्हिक्टिम’. ते आवडले तर ‘द वास्प वुमन’ पाहा. पण जाहिरातफलकावरच्या चित्राने फसू नका, कारण तेथे स्त्रीचे शिर असलेली माशी रंगवली आहे आणि चित्रपटात नेमके उलट आहे. ‘व्हाइट झॉम्बी’ शक्यतो स्वच्छ केलेल्या प्रतीतच पाहावा. हलक्या प्रतींत काळा रंग इतका गढूळ झालेला असतो की बेलामी यांचे डोळेच दिसत नाहीत.