चाल माझी, गाणं कुणाचं?

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचा चौघांचा बँड आहे. चाली बहुतेक माझ्या, पण तालमीला बसलो की त्या बदलतात आणि शेवटी गाणं ‘सगळ्यांचं’ होतं. त्यात कीबोर्ड वाजवणारा मित्र दुसऱ्या शहरात गेलाय. व्हिडिओ कॉलवर सराव केला की तो कायम मागे पडतो. मला संगीतातच करिअर करायचंय. बँड सोडून एकटीनंच काम करू का?

उत्तर : एवढ्यात सोडू नकोस. एकटीनं गाणी जरूर कर. पण चित्रपट, जाहिराती, गेम, कुठेही गेलीस तरी दिग्दर्शक, अरेंजर (चालीला कोणतं वाद्य कुठे, कसं वाजेल ते ठरवणारा), वादक यांपैकी कुणीतरी तुझ्या चालीला हात लावणारच. तो कुठवर लावू द्यायचा, हे शिकायची संधी तुला आत्ताच मिळाली आहे.

आधी मित्राबद्दल. तो लयीला कच्चा आहे असं धरून चालू नकोस. दोन टोकांमधला उशीर साधारण २५-३० मिलिसेकंदांच्या वर गेला की कसलेले वादकही एकमेकांसाठी थांबू लागतात आणि लय रेंगाळते. नेहमीच्या व्हिडिओ कॉलवर उशीर याहून बराच जास्त असतो. त्यामुळे कॉलवर फक्त बोला. वाजवताना ज्यानं त्यानं एकाच क्लिक ट्रॅकवर, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणाऱ्या ध्वनिफितीवर, आपला भाग घरी रेकॉर्ड करावा. कीबोर्ड दुसऱ्या कडव्यात येत असला, तरी त्याची फाइल गाण्याच्या आरंभापासूनच सुरू झालेली हवी, म्हणजे सगळे भाग एकमेकांशी जुळवता येतील. सॅम्पल रेटही (रेकॉर्ड करताना सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) सगळ्यांचा एकच ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल रूपांतर न करता ४८ वर वाजली, तर लय वाढते आणि पट्टी सुमारे दीड सेमीटोन (सेमीटोन म्हणजे कीबोर्डवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) चढते. मग बेसुरं कोण वाजवतंय यावरून नाहक भांडणं होतात.

श्रेयाचा प्रश्न जास्त नाजूक आहे आणि तुला तो सलतो यात काही गैर नाही. बीटल्समध्ये लेनन आणि मॅकार्टनी यांनी एकट्यानं केलेल्या गाण्यावरही दोघांचं नाव लावायचं ठरवलं होतं. तरी नावांचा क्रम पुढे मॅकार्टनींना खटकलाच. आर.ई.एम. या बँडनं चौघांना सारखं श्रेय दिलं. तुमच्यात मात्र काहीच ठरलेलं नाही.

तालमीला जाण्याआधी चाल फोनवर गाऊन ठेव. गाणं पुरं होईल त्याच दिवशी शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाचा वाटा किती टक्के, हे कागदावर लिहून चौघांनी सह्या करा. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, त्याचे वाटे वेगळे लिहा. ठेका किंवा बाज बदलला तर ती अरेंजमेंट, चालीतला वाटा नव्हे. पण गिटार वाजवणाऱ्यानं ध्रुवपदाची ओळच नव्यानं बांधली असेल, तर चालीत त्याचा वाटा आहे आणि तो तू मोकळ्या मनानं द्यायला हवास. हे बोलणं अवघड जाईल, पण गाण्याला पैसे मिळू लागल्यावर ते याहून अवघड होतं. शिवाय प्रत्येक गाण्यात अंतिम निर्णय कुणाचा, हेही आधीच ठरवा. तुझ्या चालीवर तो तू माग, दुसऱ्याच्या चालीवर त्याला दे.

हाच कागद पुढे काम मागायला जाशील तेव्हा उपयोगी पडेल. पोर्टफोलिओत ‘आमच्या बँडचं गाणं’ एवढंच न लिहिता, त्यातलं नेमकं काय तू केलंस ते प्रत्येक गाण्याखाली लिही.