घराण्यात कोणालाही हिमोफिलिया नसताना मुलाला तो कसा होतो?

आपल्या बहिणीच्या मुलाला तीव्र हिमोफिलिया ‘ए’ (रक्त नीट न गोठण्याचा जनुकीय आजार) असल्याचे निदान झाले आहे, दोन्ही घराण्यांत हा आजार कोणालाच नाही आणि सासरची माणसे बहिणीला दोष देत आहेत, असे आपण लिहिले आहे. रक्तविकारांच्या जनुकीय तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत मी काम करते, म्हणून आधी हेच सांगते की या दोषारोपात काडीचेही तथ्य नाही.

रक्त गोठण्यासाठी लागणारे ‘फॅक्टर एट’ हे प्रथिन एफ८ या जनुकामुळे तयार होते. हे जनुक एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ असते. मुलग्याला एकच एक्स गुणसूत्र, तेही आईकडून मिळत असल्यामुळे त्यातला बिघाड झाकला जात नाही. सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कोणालाही हा आजार झालेला नसतो.

तीव्र आजाराच्या जवळजवळ ४५ टक्के रुग्णांमध्ये एकच विशिष्ट बिघाड आढळतो. एफ८च्या बाविसाव्या इंट्रॉनमध्ये (प्रथिन बनवताना वगळल्या जाणाऱ्या भागात) डीएनएचा जो एक तुकडा आहे, त्याच्यासारखेच आणखी दोन तुकडे जनुकाच्या बाहेर, गुणसूत्राच्या टोकाकडे असतात. स्त्रीमध्ये बीजांडे तयार होताना दोन एक्स गुणसूत्रे एकमेकांशी जुळतात. पुरुषाच्या एक्सला मात्र बहुतांश लांबीवर जोडीदार नसतो, त्यामुळे ते स्वतःवरच दुमडून हे सारखे तुकडे एकमेकांशी जुळू शकतात आणि मधला भाग उलटा होऊन जनुक दुभंगते. म्हणजेच हा बिघाड बहुतेक वेळा मुलाच्या आईच्या वडिलांच्या शुक्रपेशी तयार होताना घडतो. आजोबा स्वतः निरोगी असतात, त्यांची मुलगी दुसऱ्या एक्समुळे सहसा आजारी पडत नाही, आणि आजार प्रथम दिसतो तो नातवात.

त्यामुळे घराण्यात आजार नाही, म्हणून आई वाहक (सदोष जनुक असूनही सहसा स्वतः आजारी नसलेली) नाही, असे मानू नये. ती वाहक असल्यास पुढच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी असते. आपण त्यांची सख्खी बहीण असाल, तर आपणही वाहक असण्याची शक्यता कमी आहे, पण शून्य नाही. मुलाचा बिघाड नेमका कळला की आपली तपासणी सोपी होते.

प्रथम मुलाची या उलटापालटीसाठीची स्वतंत्र चाचणी करून घ्यावी. नेहमीच्या सिक्वेन्सिंगमध्ये (डीएनएचा क्रम वाचण्याच्या चाचणीत) ही उलटापालट निसटू शकते, कारण सर्व एक्झॉन (जनुकातील प्रथिनाची माहिती असलेले भाग) शाबूत असतात, फक्त त्यांची मांडणी बिघडलेली असते. मुंबईत परळ येथील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत हिमोफिलियाच्या जनुकीय तपासणीचे काम चालते. बहिणीच्या फॅक्टर एटची पातळीही मोजून घ्यावी. ती सामान्य आली तरी वाहक असण्याची शक्यता नाकारता येत नाही, परंतु कमी आढळल्यास प्रसूतीपूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना ते ठाऊक असणे अत्यंत आवश्यक आहे.