दोन तितर ठीक आहेत, पण माळ्यावरच्या शिंगांचंही बोलू

करमाळा तालुक्यातल्या एका वाचकाने लिहिलंय. फासेपारधी समाजातला आहे, पुण्यात नोकरीला असतो. त्याच्या चुलत्यांना वनखात्याच्या लोकांनी माळावर पकडलं, जवळ दोन मेलेले तितर, एक ससा, नायलॉनचे फास आणि मोटारसायकल. कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या, नंतर जामीन झाला. वस्तीवरचे म्हणतात आपण एसटी म्हणजे अनुसूचित जमात, शिकार आपली परंपरा, काही होत नाही. एक मध्यस्थ म्हणतो वीस हजार दे, मिटवतो. आणि पत्राच्या शेवटी एक ओळ, घरात माळ्यावर आज्याने मारलेल्या काळविटाची शिंगं आहेत, ती ठेवली तर चालतील का.

भाऊ, तुम्ही जे शेवटी विचारलं तेच सगळ्यात गंभीर आहे, पण आधी परंपरेचं सांगतो कारण त्यावर विसंबून बरेच जण वकीलसुद्धा करत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आदिवासींच्या शिकारीला सूट आहे, पण ती फक्त निकोबार बेटांवरच्या अनुसूचित जमातींना, कलम ६५ बघा. आपल्याकडे कुणालाच नाही. वनहक्क कायदा २००६ चा आहे, त्यात पारंपरिक हक्क मान्य केलेत पण त्याच वाक्यात शिकार आणि फास लावणं स्पष्ट वगळलंय. तुमच्या आज्याच्या काळात लायसन काढून काही प्राण्यांची शिकार करता यायची, ते दार १९९१ च्या दुरुस्तीने बंद झालं. आणि शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, फास लावणं, पकडणं, तसा प्रयत्न करणं, सगळं त्या व्याख्येत येतं, त्यामुळे "तितर आधीच मेलेले सापडले" वगैरे सांगायला जाऊ नका, शेजारी फास पडलेले असताना ते कोण ऐकणार.

आता शिक्षा. तितर आणि ससा हे २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची दोनमध्ये, म्हणजे कायद्यातल्या संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहेत, म्हणजे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. किमान शिक्षा नाही, हे आपल्या फायद्याचं. पण फास नेमके कुठे लावले होते? जागा अभयारण्याच्या हद्दीत निघाली तर तीच केस किमान तीन ते कमाल सात वर्षांची होते आणि दंडही निदान पंचवीस हजार. आपल्या भागात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, माळढोक अभयारण्य १९७९ ला झालं तेव्हा साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, शेतं वस्त्या गावठाणं सगळं आत, नंतर हद्द कमी करत बाराशेच्या घरात आणली. त्यामुळे शेजारशेजारचे गट एक आत एक बाहेर असू शकतात. पंचनाम्याची नक्कल काढा, गट नंबर बघा, आणि हद्दीच्या अधिसूचनेशी ताडून घ्या. मी असतो तर पहिलं काम हेच केलं असतं.

जागा बाहेर निघाली तर तडजोडीचा रस्ता आहे, कलम ५४. पण तो अधिकार असलेल्या वन अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून, रक्कम भरून, पावती घेऊन. तो मध्यस्थ पावती देणार आहे का? नाही ना, मग ती लाच झाली आणि तुमच्यावर दुसरी केस. किमान शिक्षा असलेल्या गुन्ह्यात तडजोड होतच नाही, म्हणून परत गट नंबर.

कोऱ्या सह्यांबद्दल आजच उपवनसंरक्षकांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. वन अधिकारी म्हणजे पोलीस नव्हेत, त्यामुळे त्यांच्यापुढचा कबुलीजबाब पोलिसांपुढच्यासारखा आपोआप बाद होत नाही, आणि तक्रारीला उशीर झाला की नंतर रचलं म्हणतात. मोटारसायकलसाठी मॅजिस्ट्रेटकडे ताबा मागा. वापरलेली गाडी सरकारजमा झाली असं तोंडी सांगून हाकलतात, पण सुप्रीम कोर्टाने मध्य प्रदेशच्या केसमध्ये २००८ ला सांगितलंय की खटला चालू असताना बाँडवर गाडी सोडता येते.

आता शिंगं. काळवीट अनुसूची एकमध्ये, आणि मालकीचं प्रमाणपत्र नसताना शिंगं जवळ बाळगणं हाच गुन्हा, परत तीन ते सात वर्षं. आज्याने कधी मारलं याला अर्थ नाही, सापडली की ती बेकायदा आहेत असंच कायदा धरून चालतो, नाहीत हे तुम्ही सिद्ध करायचं. जाहीर करून नोंद करायची संधी २००३ ला मिळाली होती, तेव्हा माळावरच्या किती जणांना ती कळली असेल ते सोडा. विकू नका, जाळू नका, पुरू नका, दुसऱ्याच्या घरी तर अजिबात ठेवू नका. वकिलामार्फत वनखात्याला लेखी कळवून जमा करा. यात माफीची हमी नाही हे खरं सांगतो, पण स्वतःहून जमा केलेली शिंगं आणि झडतीत निघालेली शिंगं यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि काकांवर केस असताना झडती कधीही होईल. शिंगांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका, मलाही नको.

तुम्ही लिहिलंय की आज्या शिकवलेल्या गाईच्या आडून काळविटाच्या कळपाजवळ जायचा, आता उसाने माळ खाल्ला, उरलेल्यावर वनखात्याने झाडं लावली आणि काका मजुरी मिळत नाही त्या दिवशीच फास घेऊन निघतात. हे मला पटतं, आणि हे कोर्टात सांगायचंच. पण निर्दोष ठरण्यासाठी नाही, तिथे ते टिकत नाही. तडजोडीच्या अर्जात आणि शिक्षेच्या मुद्द्यावर सांगायचं, काकांचं वय, मजुरीची कार्डं, पहिलाच गुन्हा असणं याच्या कागदांसकट.

वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जातीचा दाखला घेऊन जा, अनुसूचित जमातीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि काकांना प्रत्येक तारखेला हजर ठेवा, काही झालं तरी. गैरहजर राहिले की वॉरंट निघतं, आणि पारधी वस्तीवर पोलीस वॉरंट घेऊन आले की ते एका घरापुरते येत नाहीत, हे तुम्हाला मी काय सांगू.