साखर बंद करून गूळ-मध देतो, तरी चार वर्षांच्या मुलीची दाढ किडली. झायलिटॉल द्यावं का?

गूळ-मधाने दात वाचत नाहीत, हे मी माझ्या मुलाच्या दातांवरून शिकले. आमच्याकडेही साखर बंद होती. रात्री झोपताना त्याला बाटलीतून गूळ घातलेलं दूध मिळायचं. अडीच वर्षांचा असताना एकदा दात घासताना वरचा ओठ उचलला, तर समोरच्या दातांवर हिरडीलगत खडूने ओढावी तशी पांढरी रेघ. दूध चिकटलंय समजून बोटाने पुसली. गेली नाही. चार महिन्यांत तीच तपकिरी झाली.

गुळाचा बहुतेक भाग साखरच असतो. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. तोंडातल्या जंतूंना हे सगळंच चालतं. त्याचं ते आम्ल करतात, आणि दातापाशी पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, झिजायला लागतं. लाळ ते सावरते, पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो आणि झोपेत लाळ सुटतेच कमी. म्हणून जेवणाबरोबर खाल्लेला एक लाडू परवडला, पण दिवसभर थोडी थोडी चघळलेली चिक्की नको.

झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरलं जाणारं गोड द्रव्य, ते वेगळं आहे. किडीच्या मुख्य जंतूला त्यापासून आम्ल करता येत नाही. फिनलंडमधल्या तुर्कू इथे १९७० च्या दशकात दोन वर्षं प्रयोग झाला, त्यात झायलिटॉल खाणाऱ्यांना नवी कीड फारच कमी लागली. मात्र त्यांच्या खाण्यातली जवळजवळ सगळी साखर काढून त्या जागी झायलिटॉल दिलं होतं. गूळ चालू ठेवून वर झायलिटॉलच्या गोळ्या दिल्या तर तेवढा गुण येणार नाही. जास्त झालं तर जुलाब होतात. घरात कुत्रा असेल तर ते त्याच्या तोंडी लागू देऊ नका, त्याच्यासाठी ते विष आहे.

स्टीव्हिया या वनस्पतीपासून केलेल्या गोड पुडीने कीड लागत नाही, पण पुडीमागचं बारीक अक्षर वाचा. माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज मिसळलेलं असेल तर जंतूंना खाऊ मिळालाच. शुगर-फ्री कोल्ड्रिंक तर स्वतःच आंबट, दात झिजवणारं.

आम्ही शेवटी रात्रीचं दूध बिनगोडाचं केलं, तेही पेल्यातून, आणि त्यानंतर फ्लोराइडच्या पेस्टने दात घासणं. पहिले पाच-सहा दिवस फार रडला. तुमच्या मुलीला वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, घासून तुम्हीच द्या. किडलेली दाढ दुधाची म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि उद्या सकाळी उजेडात तिचा वरचा ओठ उचलून बघा. पांढरी रेघ दिसली तर फ्लोराइड लावून ती तिथेच थांबवता येते, खड्डा पडल्यावर मात्र बहुतेक वेळा दात भरावा लागतो.