साथीत पेट्रोल उतरेल म्हणून थांबू नका, आधी बुकिंगची अट बघा

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: मे महिन्यात आई-वडील आणि दोन मुलांना घेऊन नाशिकहून दापोलीला स्वतःच्या गाडीने जायचंय. साथीच्या बातम्या पुन्हा सुरू झाल्यात, हॉटेलवाला पूर्ण पैसे आधी मागतोय, आणि भाऊ म्हणतो, "थांब, साथ आली की तेल पडतं, पेट्रोल स्वस्त झाल्यावर ठरवू."

मी नाशिकच्या द्वारका भागात टुरिस्ट गाड्या चालवतो. शिर्डी, त्र्यंबक, वणी हे रोजचं भाडं. कोरोनाचं २०२० साल मी गाड्या उभ्या ठेवून काढलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भावाचं अर्धं बरोबर आहे. तेल पडतं, आणि तेव्हा असं पडलं की विश्वास बसू नये. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेतल्या कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचा सौदा, उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. सौद्याची मुदत संपत आलेली, तेल साठवायला टाक्या शिल्लक नाहीत, त्यामुळे माल गळ्यात पडू नये म्हणून विकणाराच वरून पैसे देत होता. जगभर भावाचं माप म्हणून धरलं जाणारं ब्रेंट तेलसुद्धा त्याच सुमाराला पिंपाला २० डॉलरच्या खाली जाऊन आलं.

पण ते आपल्या पंपापर्यंत पोचलं नाही. १४ मार्चला केंद्राने उत्पादन शुल्क ३ रुपयांनी वाढवलं आणि ६ मेपासून पेट्रोलवर आणखी १०, डिझेलवर १३ रुपये. पेट्रोलवरचं शुल्क १९.९८ चं ३२.९८ झालं. तेल कंपन्यांनी मार्चच्या मध्यापासून रोजचा दर बदलणंच थांबवलं होतं, त्यामुळे कच्चं तेल उतरल्याचा फायदा त्या शुल्कातच जिरला. १ जूनपासून राज्याने आपले २ रुपये वाढवले. तोवर तेल उत्पादक देशांनी मेपासून रोजचे ९७ लाख पिंप कमी काढायचं ठरवलं होतं, त्यामुळे बाजार सावरायला लागला. ७ जूनला पंपावरचे दर पुन्हा हलू लागले ते रोज वरच. २४ जूनला दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं. दिल्लीत असं पहिल्यांदाच घडलं.

त्याच जूनमध्ये मी टेम्पो ट्रॅव्हलर पहिल्यांदा बाहेर काढली. बॅटरी पूर्ण बसलेली, चौघांनी ढकलून चालू केली. मागचे टायर एकाच जागी दबलेले, त्यामुळे पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी धडधडत होती. मुंबई नाक्याच्या बाजूला पंपावर उभा राहिलो. पोराने नोझल फडक्याने पुसलं, मी मीटरकडे बघितलं. डॅशबोर्डच्या खणात मार्चमधली डिझेलची पावती तशीच पडली होती. ती काढून बघितली तर लिटरमागे दहा रुपयांहून जास्त फरक. तीन महिने एक रुपया धंदा नाही आणि डिझेल महाग, त्या दिवशी खरंच रडू आलं.

त्याआधीचा मे महिना तर विसरूच शकत नाही. विल्होळीजवळ आम्ही काही जण हायवेला पाणी आणि केळी घेऊन उभे राहायचो. मुंबईकडून कसारा घाट चढून माणसं चालत यायची, डोक्यावर बोचकं, खांद्यावर पोर. १ मेच्या रात्री नाशिक रोडहून भोपाळकडे मजुरांसाठीची श्रमिक स्पेशल रेल्वे सुटली तेव्हा बरं वाटलं, पण चालणारे पुढे बरेच दिवस चालतच होते. जगात तेलाला गिऱ्हाईक नव्हतं आणि इथे उभ्या गाड्यांच्या शेजारून माणसं पायी जात होती. साथीत प्रवास अडतो तो तेलाच्या भावामुळे नाही, हे मी तिथे बघितलं.

मग प्रवास मोकळा झाला तसं तेल चढत गेलं. २९ मे २०२१ ला मुंबईत पेट्रोल शंभरावर गेलं. शुल्क पहिल्यांदा कमी झालं ते नोव्हेंबर २०२१ मध्ये. म्हणजे स्वस्ताईची वाट बघणाऱ्याच्या हाती काही लागलं नाही.

आता तुमचा हिशेब करू. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून ८०० किलोमीटर धरा. गाडी १६ चं अ‍ॅव्हरेज देत असेल तर ५० लिटर. पेट्रोल लिटरला दहा रुपयांनी उतरलं किंवा चढलं तरी फरक ५०० रुपये. हॉटेलचे तुम्ही किती भरताय ते बघा. खरी जोखीम तिथे आहे.

माझ्या एका ग्रुपचे १८ हजार रुपये मार्च २०२० मध्ये कोकणातल्या एका हॉटेलात अडकले. मालक म्हणाला, "पुढच्या वर्षी या." पुढच्या वर्षी हॉटेल दुसऱ्याने चालवायला घेतलेलं, आणि आमच्याकडे कागद काहीच नव्हता. विमानाच्या तिकिटांसाठी निदान १ ऑक्टोबर २०२० ला सुप्रीम कोर्टाचा आदेश तरी आला, परतावा किंवा क्रेडिट शेल, म्हणजे पुढच्या तिकिटाला वापरता येईल अशी जमा रक्कम. छोट्या हॉटेलच्या अ‍ॅडव्हान्सला तसं कुणी नसतं, तिथे तुमचं लेखी बोलणं हाच आधार.

म्हणून पूर्ण पैसे भरू नका. चौथा हिस्सा द्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्याकडूनच लिहून घ्या: सरकारी बंदी आली तर सगळे पैसे परत, घरात कुणी आजारी पडलं तर तारीख बदलून मिळेल. दुसरी अट बहुतेक जण विसरतात, आणि तुमच्याबरोबर वडीलधारी माणसं आहेत. लेखी द्यायला का-कू करणाऱ्याकडे मी पार्टी नेत नाही.

नियमही एका रात्रीत बदलतात. तेव्हा जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागायचा, तो २ सप्टेंबर २०२० ला गेला. राज्यातली मंदिरं १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली, मग थेट ७ ऑक्टोबरला घटस्थापनेला उघडली. एप्रिलमध्ये त्र्यंबकची आगाऊ भाडी घेतलेले माझ्यासारखे किती तरी जण पैसे परत करत बसले. मी सगळ्यांचे दिले, दोन हप्ते थकवून दिले.

निघायच्या आधी चार दिवस आई-वडिलांची तब्येत, त्यांच्या डॉक्टरांचं मत आणि जिल्हा प्रशासनाची सूचना एवढं बघा. महिनाभराच्या गोळ्या डिकीत नको, हातातल्या पिशवीत ठेवा. तेल निघताना नाशिकलाच भरून घ्या, भाव काय आहे ते बघत बसू नका.

हॉटेलवाल्याला आजच फोन करा. तो अटी काय म्हणतो ते मला कळवा, त्याला पाठवायचा मजकूर मी लिहून देतो.